चार हजार एकशे बारा अक्षरं

इंदोरा, नागपूर
२४ सप्टेंबर १९८९

प्रिय सुमती,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. १४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. सकाळी ७ वाजून ४१ मिनिटांनी तुझा संदेश आमच्या संस्थेच्या मुख्य कॉम्प्युटरवर आला. विषय: 'अण्णांसाठी'. लांबी: ४,११२ अक्षरं.
२. ९ वाजून ५२ मिनिटांनी मी तो दोन नंबरच्या पीसीवर उतरवून घेतला. उतरताच मुख्य कॉम्प्युटरवरून तो पुसला गेला.
३. ९ वाजून ५३ मिनिटांनी वीज गेली. तीन मिनिटांनी आली. दोन नंबरची डिस्क परत सुरू झाली नाही.
४. तो संदेश कोणीही वाचलेला नाही. मीसुद्धा नाही.
५. १६ नोव्हेंबरला संध्याकाळी मेडिकल हॉस्पिटलच्या वॉर्डात मी काकांना, तुझ्या अण्णांना, तुझं पत्र वाचून दाखवलं.
६. २२ नोव्हेंबरला काका गेले.

चौथा आणि पाचवा मुद्दा एकमेकांशी जुळत नाहीत, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. जानेवारीत तुझं नव्या पत्त्यावरून पत्र आलं. त्यात तू विचारलं होतंस, अण्णांनी माझं पत्र ऐकलं का, आणि ऐकून काय म्हणाले. मी उत्तर लिहिलं, 'ऐकलं. काही बोलले नाहीत.' ही दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. माझ्या हातून एवढ्या कमी शब्दांत एवढी मोठी चूक आधी कधी झाली नव्हती. आता सगळं लिहिते. लांबेल. पण गाळून लिहिलं तर पुन्हा तेच होईल.

तू तिकडे आपल्या मनाने लग्न केल्याचं कळवलंस ते पत्र काकांनी वाचलं होतं. त्यानंतरची तुझी तीन पत्रं त्यांनी परत पाठवली, हे तुला ठाऊक आहे, कारण ती तुझ्याकडे परत आली. पण ते कसं करायचे ते तू पाहिलेलं नाहीस. मी एकदा पाहिलं. पोस्टमन दारात उभा. काकांनी पाकीट हातात घेतलं नाही. चष्मा लावून लांबूनच अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "नाकारलं म्हणून लिहा. इथं नाही, डाव्या कोपऱ्यात. तारीख टाका. शाई पुसट आहे तुमची, हे घ्या माझं पेन." चौतीस वर्षं रेल्वेच्या टपालाच्या डब्यात पत्रं गावांप्रमाणे लावणारा सॉर्टर म्हणून काढलेला माणूस. राग होता, पण तो नियमात बसवलेला. पोस्टमन बिचारा खालमानेने लिहून गेला. काकू आतून म्हणाल्या, "तुमच्या हातात काही जळत होतं का ते? घेतलं असतं तर?" काकांना पेनाचं टोपण दोन वेळा लावावं लागलं.

काकू माझी वाट पाहायच्या. दर शनिवारी मी महाल भागात तुमच्या घरी जायची, कारण महिन्यातून एक-दोन वेळा तुझा संदेश माझ्या खात्यावर यायचा. तुझं ते रोमन अक्षरातलं मराठी मी पाठ करून जायची आणि स्वयंपाकघरात काकूंना सांगायची. काकू भाजी चिरता चिरता विचारायच्या, "आलं का वं काही?" काका बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे. आमचं बोलणं सुरू झालं की पान उलटण्याचा आवाज थांबायचा. काकू मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "काय म्हणतेस, सर्दी झाली तिला? तिथं बर्फ पडतं म्हणे!" मी सर्दीबद्दल काही बोललेली नसायची.

आता ऑगस्ट १९८८. हा भाग तुला समजणं गरजेचं आहे. तोपर्यंत संस्थेत ज्याला कॉम्प्युटरवर आलेलं आपलं टपाल वाचायचं त्याला मुख्य कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन एकाच टर्मिनलसमोर रांग लावावी लागायची. जुलैत तीन पीसी आले. त्यांच्यावरून टपाल कसं वाचायचं ते मी ठरवायचं होतं. पद्धती दोन होत्या. पॉप म्हणतात तिच्यात पीसी मुख्य कॉम्प्युटरकडे जातो, आपल्या नावाचं सगळं टपाल उचलून आणतो आणि तिथली जागा मोकळी करतो. पत्र मग फक्त त्या पीसीवर. दुसरी आयमॅप. तिच्यात टपाल मुख्य कॉम्प्युटरवरच राहतं, आपण कुठूनही फक्त पाहतो. पुसा म्हटल्याशिवाय काही पुसलं जात नाही. दोन्हींचे कागद माझ्याकडे आले होते. पहिली साधी आणि वापरून झालेली. दुसरी नवी, जास्त शहाणी, पण जागा खाणारी. मुख्य कॉम्प्युटरची डिस्क आधीच भरत आली होती. तिसरीही वाट होती. पहिली पद्धत घ्यायची पण मुख्य कॉम्प्युटरवर आठ दिवस एक प्रत ठेवायची. एका ओळीची सूचना होती ती. मला माहीत होती.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी घरी आले तेव्हा काकू देवळात गेल्या होत्या. मी परत निघाले तर काका म्हणाले, "बस. येईल ती." लग्नाच्या पत्रापासून ते माझ्याशी थेट असं काही बोललेच नव्हते. मी बसले. काय बोलायचं म्हणून मी कामाचं सांगितलं. वाटलं होतं त्यांना रस नसेल. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि प्रश्न विचारायला लागले. टपालाची थैली कुठे उघडते? छाननी कोण करतं? पत्र उचललं याची नोंद राहते की नाही? सगळे बरोबर प्रश्न. आमच्या संचालकांनी यातला एकही विचारला नव्हता. मग मी दोन्ही पद्धती सांगितल्या आणि विचारलं, काका, तुम्ही कोणती घेतली असती?

ते म्हणाले, "यात विचारायचं काय आहे? पत्र ज्याचं त्याला दिलं, टपालखात्याचा संबंध संपला. एक प्रत आपल्याजवळ ठेवून घेतली तर ते टपाल नव्हे, ती पहारेदारी झाली. मी चौतीस वर्षांत एक पत्र हरवलं नाही आणि एक पत्र ठेवून घेतलं नाही. तू काय गोदाम करून राहिली काय तिथं?"

मग ते उठले, आत गेले आणि स्वतः चहा करून घेऊन आले. दोन कप. बशीसकट.

कपाबद्दल लिहावं लागेल. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तुमच्या घरी मला चहा स्टीलच्या पेल्यात यायचा आणि बाकी सगळ्यांना कपात. मी कधी काही म्हटलं नाही. आमच्या घरून सांगून ठेवलेलं होतं की शिकायला जातेस, मोजायला नाही. तुझ्या लक्षात तिसऱ्या की चौथ्या वेळी आलं. तू तुझा कप ओट्यावर परत ठेवलास आणि फडताळातून दुसरा पेला काढून घेतलास. त्यानंतर चार वर्षं आपण दोघी पेल्यातून चहा प्यायलो, आणि तुझी बोटं भाजायची कारण तुला पेला धरता यायचा नाही. तू निघून गेल्यावरही माझा पेलाच राहिला. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी पहिल्यांदा कप आला.

सोमवारी मी अहवाल लिहिला. शिफारस: पॉप. कारण: मुख्य कॉम्प्युटरवरील जागेची बचत. प्रत ठेवावी किंवा कसे: आवश्यकता नाही. खाली माझी सही आहे. जागेचं कारण खोटं नाही, पण ते मी नंतर शोधलं. खरं कारण कप आहे. सात वर्षांत त्या घराने मला पहिल्यांदा आपलं म्हणून काही सांगितलं होतं आणि मला ते मोडायचं नव्हतं. तांत्रिक निर्णय असा घेत नाहीत. मी घेतला.

ऑक्टोबरमध्ये काकांच्या पायांवर सूज आली. दोन्ही किडन्या. दसऱ्यानंतर मेडिकलमध्ये दाखल केलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तो काढायचं राहूनच गेलं, त्यामुळे वाचणं बंद. मी ऑफिस सुटल्यावर सायकलने जायची म्हणजे काकूंना घरी जाऊन अंघोळ-जेवण करता यायचं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी, सहा नोव्हेंबरला, काकू नुकत्याच गेल्या होत्या. काका छताकडे पाहत म्हणाले, "प्रेमिला, तुझ्या त्या यंत्रावर पत्र नाकारता येतं काय?"

मी म्हटलं, नाही. पाठवलं की येऊन पडतंच. नाकारायची सोय नाही.

"म्हणजे पोस्टमन दारात उभा राहत नाही."

"नाही, काका."

त्यांनी चादरीची कड सरळ करून घेतली. मग म्हणाले, "मग येऊ दे."

सोमवारी सकाळी मी तुला संदेश पाठवला, अण्णांना लिही म्हणून. तो तुला मिळाला हे मला माहीत आहे, कारण तू उत्तर पाठवलंस. मधे दिवाळी आली, ऑफिस बंद होतं. चौदा तारखेला उघडलं. पुढचं वर क्रमाने लिहिलं आहे. एक नंबरच्या पीसीवर कोणीतरी बसलं होतं, म्हणून मी दोन नंबरवर बसले. पडद्यावर तुझं नाव आलं, विषय आला. 'अण्णांसाठी' हे वाचून मी उघडलं नाही. त्यांच्याआधी आपण वाचू नये असं वाटलं. विचार केला, सरळ कागदावर काढू आणि घडी घालून नेऊ. प्रिंटरला कागद लावायला उठले. तेवढ्यात वीज गेली. वीज तर रोजच जाते. यूपीएसचा अर्ज मेपासून मंजुरीत पडला होता.

त्या डिस्कचं जे जे करता येतं ते सगळं केलं. पुण्याला पाठवली, परत आली. माझ्या कपाटात आहे. मुख्य कॉम्प्युटरच्या नोंदवहीत मात्र सगळं शिल्लक होतं. कोणाकडून, कधी, किती, कोणी नेलं. काकांनी विचारलेली प्रत्येक नोंद. फक्त मजकूर नव्हता, कारण टपालखात्याने पत्र ठेवून घ्यायचं नसतं.

त्याच संध्याकाळी मी तुला लिहिलं, पुन्हा पाठव. तो संदेश दुसऱ्या दिवशी परत आला. शेरा होता, त्या नावाचं खातं इथे नाही. तू विद्यापीठ सोडलं होतंस हे मला ठाऊक नव्हतं. बहुधा त्या ४,११२ अक्षरांतच ते लिहिलेलं असेल. टेलिफोन ऑफिसात जाऊन तुझ्या जुन्या नंबरावर कॉल लावला. अडीच तासांनी लागला. एक मुलगी म्हणाली, ती गेली, पत्ता ठेवून गेली नाही. काकूंकडेही दुसरा पत्ता नव्हता.

मंगळवारी काकांनी विचारलं, "आलं?" मी म्हटलं, आज लाइन बंद होती. हे पहिलं खोटं. बुधवारी डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून सांगितलं की आता घरच्यांना बोलावून घ्या. मी आत गेले तेव्हा काका म्हणाले, "आज तरी लाइन चालू होती काय?" मी तेव्हा खरं सांगू शकले असते. मी ते वाक्य तयारही केलं होतं: काका, पत्र आलं होतं, माझ्याकडून हरवलं. पण ते सांगायचं म्हणजे त्यांना हेही कळलं असतं की ते त्यांच्याच शब्दावरून हरवलं. एक पत्र हरवलं नाही म्हणणाऱ्या माणसाचं पहिलं हरवलेलं पत्र त्यांच्याच मुलीचं. मला ते जमलं नाही. मी म्हटलं, हो, आलं.

माझ्या पिशवीत नोंदवहीचा प्रिंट होता. मोठा हिरव्या पट्ट्यांचा कागद, कडेला भोकं असलेला. दुपारभर त्याच्याकडे पाहत बसले होते म्हणून बरोबर आला होता. तो मी हातात धरला. काका म्हणाले, "आधी शिक्का वाच." मी वाचलं: चौदा तारीख, सात वाजून एक्केचाळीस, चार हजार एकशे बारा अक्षरं. त्यांचा चेहरा बदलला. "चार हजार? एवढं मोठं? हं. वाच." तो सगळा खरा भाग होता.

पुढे मी काय वाचलं ते तुला सांगायला हवं, कारण तुझ्या नावाने वाचलं आहे. तू तब्येतीची चौकशी केलीस. काकूंना जपा म्हणालीस. मग मी तू कॉलेजच्या गच्चीवर सांगितलेली गोष्ट घातली. तू सात वर्षांची असताना ते तुला स्टेशनवरच्या सॉर्टिंगच्या खोलीत घेऊन गेले होते. स्टुलावर उभं करून एक पत्र हातात दिलं, आणि तू ते चुकीच्या खणात टाकलंस. ते रागावले नाहीत, हात पुढे केला नाही, तुझी चूक तुला सापडेपर्यंत नुसते उभे राहिले. मी वाचलं, 'इटारसीचं पत्र मी जबलपूरच्या खणात टाकलं होतं.' काका डोळे मिटूनच म्हणाले, "इटारसी नाही. भुसावळ. पोरीला तेव्हाही लाइन समजत नव्हती." आणि हसले. सुमती, ते हसले. मी थांबायला हवं होतं.

पण मी एक वाक्य आणखी जोडलं. 'अण्णा, तशीच मी आता उभी आहे. माझं चुकलं.' तू हे लिहिलं नसतंस. मला तेव्हाही माहीत होतं. ते तुझं वाक्य नव्हतं, माझं होतं.

काकांनी डोळे उघडले. म्हणाले, "ते शेवटचं पुन्हा वाच."

मी वाचलं. कागदावर काही नव्हतंच. दुसऱ्यांदा माझ्या तोंडून आलं, 'अण्णा, मी चुकले. अजून तशीच उभी आहे.' शब्द तेच, जागा बदललेल्या. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ज्या माणसाने सारखी दिसणारी गावांची नावं चौतीस वर्षं चालत्या गाडीत वेगळी केली, त्याच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. दिसत नव्हतंच. अंगठ्याने कडेची भोकं चाचपली, मग कागदाच्या मधोमध हात फिरवला, हळूहळू, वरून खाली. कागद परत दिला आणि म्हणाले, "ठीक आहे. पोचलं म्हणून लिही." मग म्हणाले, "तू जेवली नाहीस अजून. डब्यात पोळी आहे, खाऊन घे." आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी उत्तर सांगितलं. मी वहीच्या कागदावर उतरवून घेतलं. अकरा ओळी आहेत. खाली सही त्यांनी स्वतः केली, पेन माझ्या हातासकट धरून. पाकिटात घालून चिकटवायला लावलं. मी म्हटलं, यंत्रावरून पाठवू का? ते म्हणाले, "नाही. कागदावरच राहू दे. आणि पत्ता नक्की झाल्याशिवाय टाकू नको. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र कुणाचंच राहत नाही." तुझं खातं बंद झालं होतं, तुझा पत्ता मला माहीत नव्हता, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. यावरून काही निष्कर्ष काढता येतो का, याचा मी दहा महिने विचार करते आहे. माझ्याकडे पुरेशी माहिती नाही. म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

पाच दिवसांनी ते गेले. घाटावर न्यायच्या आधी काकूंनी शेजारच्या बायकांना सांगितलं, "सुमीचं पत्र आलं होतं. ऐकून गेले." तेव्हापासून त्या हेच सांगतात. मी मधे बोलले नाही.

जानेवारीत तुझा पत्ता आला तेव्हा पाकीट टाकायला हवं होतं. टाकलं नाही, कारण ते तुझ्या पत्राचं उत्तर नाही. ते माझ्या पत्राचं उत्तर आहे. तू ते वाचून विचारलं असतंस, अण्णा असं का म्हणाले, मी तर असं काही लिहिलं नव्हतं. म्हणून 'काही बोलले नाहीत' असं लिहिलं. म्हणजे माझं खोटं उघडं पडू नये एवढ्यासाठी तुझ्या वडिलांना मी आठ महिने गप्प ठेवलं. हे लिहायला सोपं नाही. पण बरोबर शब्दांत तेच झालं.

इकडची बातमी फार नाही. गेल्या एक डिसेंबरपासून आमची टपालाची पद्धत बदलली. आता सगळं मुख्य कॉम्प्युटरवर राहतं. नवी डिस्क मिळाली. अहवालात कारण लिहिलं: वापरणाऱ्यांची सोय. काकूंना आता घर मोठं वाटतं, त्या पुढच्या एकाच खोलीत राहतात. आमच्या बाबांचे गुडघे गेलेत, तरी लकडगंजच्या आरा गिरणीत जातातच. माझा उतरलेला चेहरा पाहून आईला वाटतं मला कावीळ झाली आहे. परवा बाबांना मी हे सगळं सांगितलं, पहिल्यांदा कोणाला तरी. त्यांनी कपड्यांवरचा भुसा झटकला आणि म्हणाले, "लिहून टाक ना वं तिले. काहून एकटीच कुढून राहिली? लाकूड उलटं कापलं तं उलटं कापलं. मालकाले सांगाच लागते." एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

आता कशासाठी लिहिते आहे ते. १२ नोव्हेंबरला, तिथीने, काकांचं वर्षश्राद्ध आहे. काकूंनी तीनदा विचारलं आहे, "त्या पत्राची नक्कल दे वं मले. मी त्यांच्या फोटोपाशी ठेवीन. सगळ्यांसमोर एकदा तू वाचून दाखव." पहिल्या दोन वेळी मी ऑफिसात शोधते म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "घाई नाही, श्राद्धापर्यंत दे." माझं पत्र मी त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा वाचणार नाही. म्हणून विचारते: त्या दिवशी तू काय लिहिलं होतंस, ते तुला आठवतं का? आठवत असेल तेवढं पुन्हा लिहून पाठव. ४,११२ अक्षरं भरली नाहीत तरी चालेल. त्यात माफी नसेल तरी चालेल, राग असेल तरी चालेल. ते मी काकूंना वाचून दाखवीन, आणि त्यांना हेही सांगीन की काकांनी ऐकलं ते हे नव्हतं. आठवत नसेल किंवा लिहायचं नसेल, तर तसं कळव. मग नुसतं खरं सांगीन. काकांचं पाकीट बंद आहे. पाठव म्हणालीस तर रजिस्टरने पाठवीन, माझ्याकडे नक्कल राहणार नाही. इथेच असू दे म्हणालीस तर तू येशील तेव्हापर्यंत ठेवीन, कितीही वर्षं. तुला हे पत्र नाकारायचा हक्क आहे. पण नाकारलेलं पत्र बोटीने परत येतं, तीन महिने लागतात, आणि मला तोवर कळणार नाही. म्हणून नकार असला तरी दोन ओळी विमानाच्या टपालाने लिही. तुझं उत्तर ४ नोव्हेंबर, शनिवारपर्यंत माझ्या हातात यावं.

तुझीच,
प्रेमिला